पीजीची सीट लागतेय, बिऱ्हाड कुठे हलवायचं?

एमबीबीएसनंतर पीजीला, म्हणजे एमडी-एमएसला, जाण्यासाठी नीट-पीजी परीक्षा असते. तिची रँक हातात आली की घरात दोन याद्या तयार होतात. डॉक्टरच्या यादीत ब्रँच आणि कॉलेज असतं. दुसऱ्याची यादी कागदावर कधी उतरतच नाही: आपली नोकरी, मुलाची शाळा, आईबाबांचे गुडघे, घराचा हप्ता. चॉइस भरायला मोजके दिवस मिळतात, शेवटच्या रात्री पहिली यादी लॉक होते, आणि दुसरी आठवते ती पुढे कधीतरी, डॉक्टर इमर्जन्सीला आणि मूल तापाने फणफणलेलं असताना.

हा लेख त्या दुसऱ्या माणसासाठी आहे. नवरा असो की बायको, ज्याला डॉक्टरच्या पाठोपाठ गाव बदलायचं आहे त्याच्यासाठी. यातला सगळा हिशेब एका गृहीतावर बेतला आहे: पहिलं वर्ष डॉक्टर घरात नाहीच, असं धरून चालायचं. आला तर आनंद. गाव मात्र त्याच्याशिवाय घर चालेल असंच निवडायचं.

१. आधी वर्षं मोजा

एमडी, एमएस आणि डीएनबी हे तिन्ही अभ्यासक्रम तीन वर्षांचे. बहुतेक घरं तेवढंच मोजतात आणि तिथेच चुकतात. महाराष्ट्रातल्या सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजात पीजी केलं तर त्यानंतर एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड आहे. तो न करता सुटायचं तर ५० लाख रुपये भरावे लागतात. म्हणजे तीन नव्हे, चार वर्षं. पुढे डीएम किंवा एमसीएच हे सुपरस्पेशालिटीचे अभ्यासक्रम करायचं मनात असेल तर आणखी तीन, आणि त्याचा बाँड वेगळा. महाराष्ट्रात त्याची रक्कम दोन कोटींची.

बाँडचं वर्ष त्याच गावात जाईल अशी खात्री धरू नका. कुठल्या कॉलेजात किंवा रुग्णालयात जागा रिकामी आहे त्यावर ते ठरतं. म्हणून नव्या गावात फ्लॅट विकत घ्यायचा विचार पहिल्या दोन वर्षांत करू नये. ‘भाडं फुकट जातंय’ असं सासरे-वडील म्हणतील, त्यांना बाँडचा कागद दाखवा.

परराज्यात बाँडची मुदत आणि रक्कम दोन्ही वेगळी, आणि ती वेळोवेळी बदलते. त्या राज्याच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा, मागच्या बॅचच्या सांगण्यावर जाऊ नका. सीट मध्येच सोडल्याचा दंड हा आणखी वेगळा प्रकार. पुस्तिकेत दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि वाचताना एकच वाटतात.

तीन वर्षांच्या आतही एक बदली असते. जिल्हा रेसिडेन्सी म्हणून तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. मोठ्या शहरातल्या रेसिडेंटला, म्हणजे पीजी करणाऱ्या डॉक्टरला, हे तीन महिने घराबाहेर काढावे लागू शकतात. कॉलेजचे विद्यार्थी नेहमी कुठे जातात ते आधीच विचारून ठेवा आणि त्या तीन महिन्यांसाठी आजी-आजोबांची तारीख आत्ताच मागून घ्या.

२. प्रवेशाच्या फेऱ्या घरच्यांनीही समजून घ्याव्यात

हे काम डॉक्टरवर सोडलं जातं. पण घर भाड्याने घेणं, राजीनामा देणं, शाळेचा दाखला काढणं या तिन्ही गोष्टी फेऱ्यांच्या तारखांना बांधलेल्या आहेत.

सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, भरते. अभिमत विद्यापीठांच्या सगळ्या जागाही तिच्याकडेच. उरलेल्या राज्य कोट्याचं काम महाराष्ट्रात सीईटी सेल हा राज्याचा प्रवेश कक्ष बघतो. एम्स, चंदीगडचं पीजीआय, पुद्दुचेरीचं जिपमर, बंगळूरचं निम्हान्स यांच्यासाठी आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्रांसाठी. नागपूरचं एम्स या वाटेने मिळतं.

राज्य कोट्याबद्दल एक भ्रम अजून घरोघरी आहे: ‘आपण महाराष्ट्राचे रहिवासी, इथे तर मिळेलच.’ पीजीच्या जागांवर रहिवासाच्या आधारे आरक्षण देता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी दिला. एमबीबीएस कुठल्या कॉलेजातून केलं याला मात्र वजन राहिलं आहे. डॉक्टरने एमबीबीएस कर्नाटकात किंवा परदेशात केलं असेल तर महाराष्ट्राच्या जागा गृहीत धरण्याआधी त्या वर्षीची पात्रतेची अट शब्दन् शब्द वाचा.

एमसीसीच्या चार फेऱ्या असतात. पहिल्या फेरीत मिळालेली सीट न घेता सुटता येतं, पैसे जात नाहीत. दुसऱ्या फेरीत सीट मिळूनही गेलात नाही तर अनामत जप्त: अखिल भारतीय कोट्यात खुल्या प्रवर्गासाठी २५,००० आणि राखीव प्रवर्गांसाठी १०,००० रुपये, अभिमतसाठी २ लाख. तिसऱ्या फेरीत रुजू झालेल्याला सीट सोडून बाहेर पडता येत नाही. शेवटच्या स्ट्रे फेरीत मिळालेली सीट नाकारली तर अनामतीसोबत पुढच्या परीक्षेलाही बसता येत नाही.

याचा घरासाठी अर्थ असा. पहिल्या फेरीत सीट घेऊन ‘अपग्रेड हवं’ असं सांगितलं असेल, आणि पुढच्या फेरीत वरची सीट लागली, तर जुनी सीट आपोआप जाते. नांदेडला सामान उतरवलं आणि पंधरा दिवसांनी सीट सोलापूरला, असं खरोखर होऊ शकतं. अपग्रेडला होकार दिलेला असेपर्यंत डॉक्टरने दोन बॅगा घेऊन हॉस्टेलवर जायचं. बाकी घर जागच्या जागी. ट्रकवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची नाही, नोकरीचा राजीनामा द्यायचा नाही, शाळेत दाखल्याचा अर्ज टाकायचा नाही.

आणि यादी भरताना: जिथे जाणारच नाही ते गाव भरू नका, जिथे जायचं आहे ते ‘मिळणार नाही’ म्हणून खाली ढकलू नका. सीट रँकप्रमाणे, तुमच्या यादीत वरून खाली बघत दिली जाते. आवडीचं कॉलेज वर ठेवलं म्हणून खालचं हातचं जात नाही. तिसऱ्या फेरीआधी यादी पुन्हा बसून चाळा. पहिल्या फेरीत ‘असू दे शेवटी’ म्हणून भरलेलं गाव त्या फेरीत गळ्यात पडतं.

३. ब्रँच सांगते डॉक्टर किती दिसेल

नवख्यांना कॉलेजचं नाव मोठं वाटतं. घराच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ब्रँच, आणि त्याच्याही आत युनिट, म्हणजे विभागातली डॉक्टरांची तुकडी.

मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो, गायनॅक, पेड्स, अ‍ॅनेस्थेशिया या ब्रँचमध्ये पहिलं वर्ष जवळजवळ वॉर्डातच जातं. स्किन, सायकिअ‍ॅट्री, पॅथॉलॉजी, पीएसएम (सार्वजनिक आरोग्य) यांत माणूस संध्याकाळी घरी येऊ शकतो. रेडिओलॉजी मध्ये कुठेतरी. मोठ्या रुग्णालयात तिथेही रात्रपाळ्या कमी नसतात.

इमर्जन्सीचा दिवस म्हणजे काय ते नीट कळलं पाहिजे. युनिटची इमर्जन्सी सकाळी ८ ला सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला संपते, कागदावर. मग पोस्ट-इमर्जन्सीचा राउंड. रात्रभर भरती झालेल्यांच्या तपासण्या, रिपोर्ट, रेफरन्स, डिस्चार्ज. हे सगळं फर्स्ट इयरच्या अंगावर. तो घरी पोचतो दुपारनंतर, आणि ताटावर बसल्या बसल्या डुलक्या घेतो. त्या दिवशी त्याला ‘जरा मुलाला घेऊन ये शाळेतून’ असं सांगू नये, दुचाकीवर तर नाहीच.

आता साधा हिशेब. सहा युनिटं असतील तर प्रत्येक युनिटला आठवड्याचा एक वार ठरलेला, आणि रविवार आळीपाळीने. महिन्याला पाच इमर्जन्सी पडतात. तीनच युनिटं असतील तर दर तिसऱ्या दिवशी, म्हणजे महिन्याला दहा. छोट्या गावातलं कॉलेज ‘निवांत’ असेल हा समज इथे फसतो. गर्दी मुंबईएवढी नसली तरी वाटून घ्यायला माणसं कमी. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पेशंटांची रीघ, पण युनिटं जास्त. सरसकट काहीच सांगता येत नाही, म्हणून विचारावंच लागतं.

विचारायचं कुणाला? त्याच विभागातल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला. फर्स्ट इयरला फोन उचलायला सवड नसते आणि थर्ड इयर सगळं विसरलेला असतो. शक्यतो लग्न झालेला, मूल असलेला शोधा. ‘कसं आहे कॉलेज?’ या प्रश्नाला ‘छान आहे, फक्त काम आहे’ हे एकच उत्तर सगळीकडे मिळतं. त्याऐवजी असं विचारा:

- गेल्या चार रविवारांपैकी किती रविवारी घरी जेवलात?
- युनिटं किती, आणि तुमच्या युनिटला फर्स्ट इयर किती असायला हवेत, आत्ता किती आहेत?
- मागच्या वर्षी कुणी सीट सोडून गेलं का? त्याचं काम कुणावर पडलं?
- मागच्या महिन्याचा स्टायपेंड कुठल्या तारखेला जमा झाला?
- लग्न झालेल्यांना हॉस्टेलची खोली मिळते का, की फक्त कॉट?
- शेवटची बाळंतपणाची रजा कुणी घेतली, आणि परत आल्यावर काय झालं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबलं तर सावध व्हा. रेसिडेंट ज्याला ‘टॉक्सिक’ म्हणतात त्या युनिटमधून माणसं जातात, आणि उरलेल्यांची रात्र दुप्पट होते. ब्रँच आवडती असली तरी हे घरी सोसावं लागतं.

रजेचा नियमही माहीत असू द्या. २०२३ च्या पीजी नियमावलीप्रमाणे वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा, शिवाय आठवड्याची एक सुट्टी, पण ती ‘कामाच्या निकडीनुसार’. ठरल्यापेक्षा जास्त रजा झाली तर तेवढे दिवस कोर्स पुढे सरकतो. घरचं लग्न, मुंज, गणपती या सगळ्याला हे २० दिवस पुरवायचे आहेत. गणपती की दिवाळी, एकच निवडा.

४. गावं शेजारी ठेवून बघा

इथे नकाशा उघडून बसायचं. प्रत्येक कॉलेजासाठी तीन अंतरं लिहा: रुग्णालय ते घर, घर ते शाळा किंवा पाळणाघर, आणि आजी-आजोबांच्या गावापासून दाराशी यायला लागणारे तास. तिसरा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच कुणी लिहीत नाही. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर आजी रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पोचू शकते का, हाच निकष धरा असं आमचं ठाम मत आहे. ब्रँच एक पायरी खाली आली तरी.

मुंबईत केईएम परळला, सायनचं रुग्णालय सायन स्टेशनजवळ, नायर मुंबई सेंट्रलला, जेजे भायखळ्याला. चारही ठिकाणी लोकलने पोचता येतं, पण परवडणारं घर ठाणे-डोंबिवलीला किंवा वसईकडे. परळ आणि सायनला जलद गाड्या थांबत नाहीत. केईएमसाठी दादरला उतरायचं किंवा धिमी पकडायची. रात्री एक ते पहाटे चार लोकलचा भरवसा नाही. म्हणून मुंबईत हॉस्टेलची कॉट सोडायची नाही, घर असलं तरीही. नियमाप्रमाणे कॉलेजने राहायची सोय द्यायची असते, रेसिडेंटने तिथेच राहायचं बंधन नाही. ती कॉट इमर्जन्सीच्या रात्रींसाठी, आणि घर मुलासाठी.

यावरूनच घराची जागा ठरते. कॉट मिळत असेल तर घर शाळेजवळ आणि घरी असणाऱ्याच्या नोकरीच्या वाटेवर घ्या. मिळत नसेल तर रुग्णालयापासून पायी पंधरा मिनिटांत. मध्यावर घेतलेलं घर दोघांनाही दूर पडतं. पुण्यात हे हमखास होतं: ससून पुणे स्टेशनाला लागून, आयटीतली नोकरी हिंजवडीला, आणि ‘मध्यावर’ म्हणून औंध. मग दोघेही रोज वाहतुकीत.

नागपूरला लोक ज्याला ‘मेडिकल’ म्हणतात ते शासकीय महाविद्यालय अजनीच्या बाजूला, मेयो हे दुसरं सरकारी कॉलेज मुख्य रेल्वे स्टेशनजवळ आणि एम्स शहराबाहेर मिहानमध्ये. तिघांना एकच वस्ती सोयीची नाही, सीट पक्की झाल्याशिवाय घर बघू नका. सेवाग्राम वर्ध्यापासून सात-आठ किलोमीटरवर. १९६९ साली सुरू झालेल्या तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत खादी आणि साधेपणाचा आचार आजही पाळला जातो. काहींना ते मानवतं, काहींना जाच वाटतो. एक दिवस तिथे राहून या.

मिरज हे आमच्या मते कुटुंबवाल्यांनी कमी लेखलेलं गाव आहे. रेल्वेचं जंक्शन, सांगली दहाएक किलोमीटरवर, महापालिका एकच. डॉक्टर मिरजेत आणि शाळा सांगलीत, हे सहज जमतं. मुंबई, पुणे, बेळगाव, सोलापूर या सगळ्या बाजूंनी आजी गाडीत बसून येऊ शकते.

अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ कॉलेज कामाच्या अनुभवाला उत्तम. तिथे हात चालतात. गावात भाडं कमी, शाळेची परंपरा जुनी. पण गावात रेल्वे नाही, जवळचं मोठं स्टेशन परळी, साधारण २५ किलोमीटर. घरी बसून काम करणाऱ्या जोडीदाराला चालेल, कारखान्यातल्या इंजिनिअरला नाही. लातूर-बीडकडे घर घेताना पाण्याचं विचारा: नळाला किती दिवसांनी पाणी, बोअर उन्हाळ्यात टिकते का, टँकरचे पैसे भाडेकरूचे की मालकाचे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे घरमालक सांगणार नाही.

राज्याबाहेर जायचं तर बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद इथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भाकरी-पोळीची बाई आणि गणपतीचा मांडव दोन्ही सापडतात. गोव्यात बांबोळीचं कॉलेज पणजी-मडगाव रस्त्यावर, आणि प्राथमिक शाळेत मराठी माध्यमही मिळतं. डॉक्टर दोन महिन्यांत पेशंटांची भाषा बोलू लागतो, पोटात कुठे दुखतं एवढं तर पहिल्याच आठवड्यात. मुलाचं तसं नाही. त्याबद्दल पुढे.

५. पैशाचा तक्ता

दर महिन्याला काय उरतं ते मोजा, पगार मोजू नका. उदाहरणापुरते आकडे घेऊ. मुंबईत राहिलात तर तुमची ७०,००० ची नोकरी टिकते. भाडं ४५,०००, पाळणाघर आणि कामाच्या बाई मिळून १८,०००. उरले ७,०००. मिरजेला जाऊन पगार निम्मा, ३५,००० झाला. भाडं १२,०००, पाळणाघर-बाई ७,०००. उरले १६,०००. स्टायपेंड दोन्हीकडे धरलेला नाही, कारण राज्यातल्या सरकारी कॉलेजांत तो साधारण सारखाच. अर्ध्या पगाराचं गाव अशा वेळी परवडतं. अर्थात तीन वर्षांनी तुमच्या नोकरीची पायरी किती खाली गेलेली असेल, तो तोटा या तक्त्यात दिसत नाही. तो वेगळ्या ओळीत, शब्दांत लिहा.

पहिला स्टायपेंड वेळेवर येईल असं धरू नका. बँक खातं, मस्टरवर नाव, बिल निघणं यात दोन-तीन महिने जाऊ शकतात. तीन महिन्यांचा घरखर्च, घराची अनामत आणि सामानाचं भाडं एवढी रोकड बाजूला असल्याशिवाय कुटुंब हलवू नये. खासगी कॉलेजात एक जास्तीची खबरदारी: जाहीर स्टायपेंड आणि हातात पडणारा स्टायपेंड सारखाच आहे का, हे तिथल्या रेसिडेंटला त्याच्या पासबुकातली नोंद बघूनच सांगायला लावा. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर मूळ कागद कॉलेजात जमा होण्याआधी बँकेची पडताळणी उरकून घ्या. एकदा कागद कॉलेजच्या कपाटात गेले की बाहेर येत नाहीत. कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वजावट मिळते, जास्तीत जास्त आठ वर्षं.

भाडेकरार महाराष्ट्रात लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. मुद्रांक शुल्क पाव टक्का, शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. ११ महिन्यांच्या करारात एक कलम हमखास असतं आणि कुणी वाचत नाही: लॉक-इन. सहा महिने घर सोडता येणार नाही, सोडलं तर उरलेलं भाडं द्या. सीट अजून हलू शकते अशा काळात हे कलम काढून घ्या किंवा एक महिन्यावर आणा. ‘मेडिकल कॉलेजचा प्रवेश पुढच्या फेरीत बदलल्यास एक महिन्याच्या सूचनेवर घर सोडता येईल’ एवढं एक वाक्य घाला. दवाखान्याजवळचे मालक याला सरावलेले असतात, बहुधा नाही म्हणत नाहीत.

६. शाळा आणि पाळणाघर

अडचण तारखांची. नीट-पीजी २०२४ मध्ये ११ ऑगस्टला झाली, २०२५ मध्ये ३ ऑगस्टला, आणि प्रवेशाच्या फेऱ्या दिवाळीच्या आसपास सुरू होऊन नव्या वर्षात गेल्या. म्हणजे डॉक्टर रुजू होतो तेव्हा मुलाचं शाळेचं वर्ष निम्मं झालेलं असतं. दोन वाटा आहेत. पाचवीच्या पुढचं मूल असेल तर ते वर्ष जुन्या शाळेतच पूर्ण करू द्या, मे महिन्यात हला. त्याहून लहान असेल तर मध्येच बदल झाला तरी फार बिघडत नाही.

मध्येच बदलायचं तर शाळा सोडल्याचा दाखला, यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदणीतला कायम शिक्षण क्रमांक आणि आधारवरचं नाव हे तिन्ही अक्षरशः जुळतात का ते निघण्याआधी बघा. वडिलांच्या नावातल्या एका काना-मात्रेवर घोडं अडतं. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तुमच्या बाजूने आहे: दाखला ताबडतोब द्यावा लागतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही.

पहिलीच्या वयाचा घोळ राज्याबाहेर होतो. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल पहिलीत बसतं. केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला सहा पूर्ण लागतात. नोव्हेंबरात जन्मलेलं मूल इथे पहिलीत आणि तिकडे पुन्हा बालवर्गात, असं होतं. भाषेचंही तसंच. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. कर्नाटकात कन्नड, तमिळनाडूत तमिळ, तेलंगणात तेलुगू यांचे आपापले कायदे आहेत. पहिली-दुसरीतलं मूल भाषा उचलतं. सहावी-सातवीतल्या मुलाला नवी लिपी आणि तिची परीक्षा एकदम येते. त्याच्यासाठी राज्य बदलण्याआधी दोनदा विचार करा.

पाळणाघराला बंद होण्याची वेळ आणि त्यानंतरचा दर विचारा. सातला दार बंद होतं आणि तुमची मीटिंग सव्वासातला संपते, तेव्हा कोण जाणार? पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी असं कायदा सांगतो. रुग्णालयातही विचारा आणि स्वतःच्या कंपनीतही. कुणी मागितलं नाही म्हणून बंद पडलेली खोली बऱ्याच ठिकाणी असते.

७. तुमची नोकरी

घरून काम करायची परवानगी साहेबांच्या तोंडी शब्दावर घेऊ नका. ईमेल हवा, आणि त्यात मुदत हवी. साहेब बदलतात. सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत पती-पत्नी एकत्रीकरणाखाली बदली मागण्याआधी रेसिडेंटचं पद त्यात धरलं जातं का, हे आस्थापना शाखेला लेखी विचारा. स्टायपेंडवरचा रेसिडेंट विद्यार्थी की कर्मचारी, या प्रश्नावर फाइल अडू शकते.

दोघेही डॉक्टर असाल तर ज्याची रँक खाली त्याच्या यादीपासून सुरुवात करा. वरच्या रँकला निवड जास्त असते, ती वाकवता येते. खालच्या रँकला जी चार गावं मिळणं शक्य आहे ती वरच्या रँकने आपल्या यादीत शोधायची. उलट केलं की तीन वर्षं दोन घरं.

८. दोन दिवस जाऊन या

यादी लॉक करण्याआधी वरची दोन-तीन गावं पायाखाली घाला. रात्री ९ वाजता रुग्णालयाच्या फाटकापासून बघितलेल्या घरापर्यंत चालत जा. दिवे आहेत का, कुत्री किती, रिक्षा मिळते का. सकाळी शाळा भरण्याच्या वेळी फाटकाबाहेर उभं राहा. लहान मुलांच्या डॉक्टरचं क्लिनिक शोधून ठेवा. घरात डॉक्टर असला तरी तो मुलाला बघायला मोकळा नसतो. फोनची रेंज घरातल्या आतल्या खोलीत बघा, गॅलरीत नव्हे.

९. पहिला महिना

मूळ कागद जमा करण्याआधी सगळ्यांचे रंगीत स्कॅन आणि साक्षांकित प्रतींचे चार संच. राज्य बदलत असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं ना-हरकत प्रमाणपत्र आधी मागा. गॅस, वाय-फाय, भाडेकरूची पोलिसांकडची नोंद ही कामं तुमची; डॉक्टरने सही केलेले कोरे अर्ज आणि फोटोंचं पाकीट रुजू होण्याआधी काढून घ्या, नंतर सहीसाठी वॉर्डात जावं लागतं.

रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, लागला की त्याचा फोटो मागवा. इमर्जन्सीचे दिवस कॅलेंडरवर लाल, पोस्ट-इमर्जन्सीचे निळे. एक प्रत फ्रिजवर, एक पाळणाघराच्या बाईंना, एक आजीच्या व्हॉट्सॲपवर. निळ्या दिवशी दुपारी दोन ते सात घरात कुकर लावायचा नाही आणि बेल काढून ठेवायची.